बाराचा सुरुंग चुकला, त्याची हकीकत

मुक्काम खडकदरी, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे
पौष, सन १३४८ फसली

साखऱ्याच्या तांड्याचे नाईक, बैलांचे कदरदान, आमचे जिवाचे दोस्त अमरसिंगभाऊ यांस दस्तगीर मिस्त्रीचा सलाम, राम राम आणि गुडघ्याला हात लावून नमस्कार. (गुडघ्याला अशासाठी, की पायापर्यंत वाकलो तर माझी कंबर पुन्हा उठू देत नाही, शिवाय तुमचा गुडघा दुखतो असं कानावर आलं, म्हणजे त्याची विचारपूसही त्यातच उरकली.) रूपाबाई वहिनींना सलाम. तांबड्या बैलाचं शिंग भरून आलं का? आमच्याकडे अल्लाच्या मेहरबानीने सगळी खैरियत आहे. अक्षराला हसू नका. मी अक्षरं छिन्नीने शिकलो, लोकांच्या उखळांवर नावं कोरता कोरता. त्यामुळे वेलांटी द्यायची वेळ आली की हात अजून हातोडा शोधतो आणि कागदाला भोक पडतं. भोक दिसेल तिथं वेलांटी समजावी.

पत्रास कारण की, मागच्या बाजाराला तुम्ही हिंगोलीच्या नासेरमियाँच्या कापडाचे गठ्ठे वाशीमहून आणत होता, नाक्यावर जकात वसुलणाऱ्या करोडगिरीच्या शिपायाने गाड्या अडवल्या, आणि तो गठ्ठे उसवत बसला तेवढ्यात नासेरमियाँनी तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं, की दस्तगीरचं गाव कसं आहे, माणसं कशी आहेत, सोयरीक करण्याजोगी आहेत का. तुम्ही म्हणालात, "इचारून सांगतो." (हे मला कसं कळलं ते पुसू नका. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत.) आता तुम्ही विचारणार कुणाला? मलाच. तेव्हा दुखऱ्या गुडघ्याने इतक्या लांब येण्याची तकलीफ वाचावी म्हणून गावाची सगळी हकीकत मीच लिहून पाठवतो. मुलगी माझी, अख्तरी. मुलगा त्यांचा, अन्सार. मध्ये गाव आडवं येऊन राहिलं आहे.

तुम्ही खडकदरी पाहिली ती खाण निघायच्या आधी. तेव्हा मी खांद्यावर छिन्नी-हातोडा टाकून "जात्याला टाकीऽऽ" करत पुसेगावापर्यंत पायी फिरायचो, आणि ज्या घरी जातं बोथट त्या घरी माझी भाकर. मग सरकारला पक्क्या सडकेची आठवण झाली आणि ज्या माळावर कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं त्या माळाने गावाला जेवू घातलं. सडकेची खडी मी फोडून दिली. त्याच सडकेने तुमच्या तांड्याच्या बैलांच्या पाठीवरचं ओझं आणि त्यासोबत तुमचं भाडं काढून घेतलं, आणि त्याबद्दल तुम्ही मला कधी शिवी दिली नाही हे मी विसरलेलो नाही. (दिली असती तर माझ्या कानावर आली असती.) आज आमच्या गावात गरिबाची गव्हाणसुद्धा घडीव काळ्या दगडाची आहे. पीरसाहेबाचा ओटा आणि मारुतीचा पार एकाच शिळेचे दोन तुकडे आहेत, त्यामुळे दोघांचंही एकमेकांविरुद्ध काही चालत नाही. पिठात दगडाची कच, दह्यात कच, नवऱ्या मुलीच्या हळदीतसुद्धा कच. आमच्या गावचा माणूस परगावी जेवायला बसला, की भाकर दाताखाली वाजत नाही म्हणून त्याला ती कच्ची वाटते.

एक गोष्ट मात्र खाणीने नेली, ती म्हणजे गावाचे कान. दगडाला भोक पाडून दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं, हे काम दगडोबाकडे आहे. (नाव आईबापांनी आधी ठेवलं, खाण मागून निघाली.) इतक्या सालांच्या सुरुंगांनी आता गावात नीट ऐकू येणारी माणसं दोनच. एक मी, कारण सुरुंगाच्या वेळी मी कानांत कापूस घालतो. दुसरी अख्तरी, जी सुरुंगाआधी टेकाडावर उभी राहून हाळी देते आणि हाळी देऊन झाली की पोटरीएवढ्या बोटांनी कान दाबून बसते. (पोटरीएवढ्या नाहीत, पण सोयरिकीचं पत्र आहे, पोरगी धडधाकट आहे हे कुठंतरी आलं पाहिजे.) बाकी सगळं गाव ओरडून बोलतं, आणि त्यांना वाटतं की आपण कुजबुजून राहिलो. भाऊ, खरी गंमत तीच आहे. चावडीवर महसुलाचे गिरदावर साहेब आले आणि त्यांना दुपारी कोंबडा खावासा वाटला, तेव्हा आमच्या व्यंकटराव पाटलांनी बायकोच्या कानाला लागून हळूच सांगितलं, "काळा कोंबडा कणगीत टाक आन् म्हण मुंगसानं नेला!" हे गावाने ऐकलं, गिरदावराने ऐकलं, कणगीतल्या कोंबड्यानेही ऐकलं असावं, कारण तो आरवला. तेव्हापासून आमच्या गावात चोरी होत नाही, लफडं होत नाही, सासूची निंदाही होत नाही. म्हणजे होते, पण सासूला घेऊनच होते.

आणि बाराचा सुरुंग हे आमचं घड्याळ. तो वाजला की मजूर घण टाकतात, बाया भाकरी घेऊन निघतात, म्हशी उठून पाण्याकडे वळतात. सुरुंगाआधी अख्तरीची हाळी आली की जो तो दुधावर झाकण ठेवतो, लेकरू काखोटीला मारतो आणि भांडण जिथं असेल तिथं थांबवतो. धूळ बसली की त्याच शिवीपासून पुन्हा सुरू.

अशा गावात नासेरमियाँ पोरगी पाहायला आले. सोबत त्यांच्या बेगम कनीज आणि मुलगा अन्सार. त्यांच्या दुकानात तुम्ही बसलेले आहात. तिथं कापडसुद्धा फाडताना आवाज होऊ देत नाहीत, कात्रीने कापतात. अशा नाजूक माणसांच्या डोक्यावर सुरुंग नको म्हणून मी अक्कल चालवली. दगडोबाला बजावलं, आज बाराचा सुरुंग न्हाई. अख्तरीला बजावलं, आज टेकाडावर जायचं न्हाई, डोक्यावर ओढणी घे आणि तोंड मीट. दोघांनीही ऐकलं. सगळा घोटाळा त्या ऐकण्याने झाला.

बारा वाजून गेले. आमच्या अंगणात पाहुणे बाजेवर बसलेले, हुरडा पुढे, शरबत पुढे, अख्तरी तबक घेऊन अशी उभी की मलाच ओळखू येईना. आणि सुरुंग झाला नाही. खाणीवर मजूर घाव घालतच राहिले. बायांनी भाकरी टोपल्यातच ठेवल्या. म्हशी बसून राहिल्या. मग एकेक जण चौकशीला आमच्याच दारात. पहिले पाटील: "मिस्त्री, सुरुंग काहून न्हाई झाला? कोन मेलं?" मग मिराबाई, आमची शेजारीण: "दस्तगीरभाऊ, खाण बंद पडली का जी?" बघता बघता अंगण भरलं, आणि जो तो मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात, म्हणजे नाक्यापर्यंत जाईल अशा, विचारून राहिला. बेगमसाहेबांनी ओढणीचं टोक कानात घातलं.

त्यात माझी मोठी बहीण खतीजाबी. अख्तरीची आई गेल्यापासून पोरीला तिनेच वाढवलं. तिला आता सुरुंगाशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. दिवस कलला आणि सुरुंग ऐकू आला नाही, तेव्हा बाईची खात्री पटली की उरलेले कानही आज गेले. तिने चुलीपुढे बसून ऊर बडवला, "मेले गं माझे कान!" आणि आपला आवाज आपल्यालाच पोचत नाही असं वाटून दुप्पट जोराने बडवला. मिराबाई समजूत काढायला गेली. तिच्या गळ्यात पडून खतीजाबीने आपल्या मते कानगोष्ट केली, ती अशी: "पोरगा बरा हाय गं मिरे! डोळे गरीब हायेत! पर माय त्याची बाभळीचा काटा हाय, काटा!" अंगणात बेगमसाहेबांच्या हातातले हुरड्याचे दाणे खाली पडले. अन्सारला ठसका लागला. तो हसण्याचा होता हे माझ्या कानांनी बराबर ओळखलं.

तेवढ्यात गावकऱ्यांनी दगडोबाला गाठलं. मजुरांना भूक, बायांना घोर, म्हशींना तहान. त्याने तरी किती वेळ दम धरावा? त्याने भोक भरलं आणि वात लावली. हाळी कोण देणार हा विचार त्याच्या डोक्यात आला नाही, कारण हाळी त्याला तशीही ऐकू येत नाही. आणि खाणीच्या काठाला, बाभळीखाली, नासेरमियाँची दमणी, ती छपराची बैलगाडी, सोडलेली, आत त्यांचा गाडीवान हात-पाय पसरून झोपलेला.

अख्तरीने दगडोबाला पळताना पाहिलं. तबक तिने माझ्या मांडीवर ठेवलं, ओढणी कंबरेला खोचली, गोठ्याच्या भिंतीवरून छपरावर गेली आणि जी हाळी दिली, भाऊ, ती तुमच्या तांड्यावर आली असली पाहिजे: "सुरुंग होऽऽ! दमणीवाला, ऊठ! पळऽऽ!" गाडीवान उठला तो बैलांच्याही आधी नाल्यापार. गावाने दुधावर झाकणं टाकली. मग धडाका झाला. माती खाली बसली तेव्हा नासेरमियाँ बाजेखाली, बेगमसाहेब खतीजाबीच्या मिठीत, खतीजाबी "आला गं, आला, माझे कान आले!" म्हणत नाचत होती, आणि दमणीच्या जागी दमणीची दोन चाकं होती. अन्सार एकटा उभा, मान वर, छपराकडे पाहत. त्याच्या शरबतात खडा पडला होता. त्याने तो गाळलासुद्धा नाही, तसंच पिऊन टाकलं.

असं आमचं गाव आहे. पाणी गोड, माणसं उघडी, हवा कोरडी. नासेरमियाँ जाताना "कळवतो" म्हणाले. (ते पाटलांच्या छकड्यातून गेले आणि पाटलांनी वाटभर त्यांना गावाची गुपितं सांगितली.) तुम्ही वरच्यातलं जे बरं दिसेल ते त्यांना सांगावं, कोंबड्याचं नको. गुडघा निरगुडीच्या पाल्याने शेकावा. कळावे, लोभ आहेच.

तुमचा,
दस्तगीर मिस्त्री

ता. क. हे पत्र हरिचंद वाण्याच्या गाडीने येतं आहे. तो आखाला वंगण लावून राहिला तेवढ्यात खरं काम लिहितो. वर जे लिहिलं ते सोडा. तुम्ही नासेरमियाँकडे जा आणि माझ्या वतीने सोयरीक नाकारा. छकड्यात चढताना ते बेगमच्या कानाशी बोलले. बहिऱ्यांच्या गावात कोण ऐकतं, असं त्यांना वाटलं असेल. म्हणाले, "पोरगी कामाची आहे. आवाजाचं काय, सालभरात बसवू." मी ते ऐकलं, आणि तेव्हापासून भाकर गोड लागत नाही. ज्या आवाजाने त्यांचा गाडीवान आज जिता आहे, तो बसवायला मी पोरगी देऊ? तुम्ही जाऊन हळूच सांगा. मी गेलो तर अख्ख्या हिंगोलीला ऐकू जाईल.

ता. क. दुसरं. गडबड झाली. मला लिहिताना बोलायची खोड आहे हे आज कळलं. मी आपला मनातल्या मनात बोलत होतो, पण हरिचंद म्हणतो की तो तिकडे गाडीखाली बसून सगळं पत्र ऐकून राहिला होता. दारात पुन्हा पाटील आले आहेत, कोंबड्याची गोष्ट पत्रातून काढा म्हणतात. काढत नाही. मिराबाईने खाणाखुणांनी समजावल्यावर खतीजाबी म्हणते, काटा म्हटलं ते राहू दे, पण "नाचत होती" हे खोडा. तेही खोडत नाही. अख्तरी उठून टेकाडावर जाऊन बसली.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. नासेरमियाँकडे जाऊ नका. आत्ता अन्सार आला, एकटा, पायी, चपलांवर धूळ. गावात शिरायचा धीर होईना म्हणून नाल्यापलीकडून ओरडला. दुकानातला आवाज तो, पहिल्यांदा नाल्यातच पडला. मग छाती भरून पुन्हा ओरडला: "अब्बा बोलले ते मी बी ऐकलं! आवाज बसवू देनार न्हाई! आमच्या घरात कुणी मोठ्यानं हसत बी न्हाई, एक तरी मानूस पायजे!" खाणीवरचे घण थांबले. सगळं गाव टेकाडाकडे पाहू लागलं, की आता अख्तरीची हाळी येणार. ती टेकाडावरून उतरली, नाल्यात उतरली, पलीकडे चढून त्याच्यासमोर उभी राहिली आणि काहीतरी बोलली. इतकं हळू, भाऊ, की मी बाराच्या सुरुंगाचा कानात राहिलेला कापूस काढून, श्वास धरून उभा होतो तरी शब्द आला नाही. तो हसत हसत हिंगोलीच्या वाटेला लागला. मी विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई, अब्बा," आणि तेही हळूच. खतीजाबीला विचारायला लावलं, तर साऱ्या गावाने प्रश्न ऐकला आणि पोरीने ओढणीत तोंड लपवलं.

तेव्हा एकच विनंती. हरिचंद परत फिरेल तेव्हा त्याच गाडीत रूपाबाई वहिनींना पाठवा. त्यांनी पोरीजवळ बसावं, तिची वेणी घालावी, आणि ती काय बोलली ते काढून घ्यावं. नासेरमियाँनी विचारलं तर तोवर "इचारून राहिलो" म्हणा. आणि वहिनींना सांगून ठेवा, की जे कळेल ते मला जरा मोठ्याने सांगावं.