बिनकॅरेजची सायकल

प्रिय मोठेबाबा,

तुम्ही होते तेव्हा तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. लिहायचं कायले? तुम्ही शेताच्या धुऱ्यावरून बोलले तरी घरात ऐकू यायचं. आज लिहून राहिलो कारण मी गोंदियात सायकलच्या दुकानासमोर बाकावर बसलो आहे, दुकानदार जेवायला गेला आहे, आणि सायकल घ्यायची तर कोणाला विचारायचं असते हे आपल्या गावात शेंबड्या पोट्ट्यालाही ठाऊक आहे. तुम्हाला. आणि तुम्ही तर माघात निघून गेले. मी रायपूरला होतो, सख्ख्या पुतण्याला भेटायलाही थांबले नाही. आता विचारू कोणाला?

सायकल शालूसाठी आहे. रविवारी इटियाडोहच्या जंगलातून सायकलींची शर्यत ठेवली आहे. डांबरी कमी, गोटे-चढाव जास्त. पहिल्या तिघींत येतील त्या पोरींना पुण्याला ट्रेनिंगला नेणार, राहणं-खाणं त्यांच्याकडेच. मोठीआईनं कशीबशी कबुली दिली आहे. तिघींत आली तर जाऊ दे, नाही आली तर तिरोड्याच्या पाहुण्यांना होकार. पोरगा धानाच्या गिरणीत कामाला आहे म्हणे. फोटोवरून तर कोंड्याच्या पोत्यासारखाच दिसते, पण ते जाऊ द्या.

म्हणजे तुमच्या लेकीचं पुणं की तिरोडा, ते या सायकलीवर आहे. आणि सकाळी निघताना मोठीआईनं दारातच सांगितलं, "मांगं कॅरेज पाहिजे, स्टँड पाहिजे, चेनकव्हर पाहिजे. उद्या सासरी कामात आली पाहिजे." शर्यतीच्या सायकलीला चेनकव्हर, मोठेबाबा. शालूनं तेवढं माझ्याकडे बघितलं आणि सोबत निघाली.

याच दुकानात तुम्ही मला सहावीत घेऊन आले होते, आठवते? तुम्ही शंकरपटाचे माणूस. बैल पळवण्यात जवानी गेली, बैलबाजारात तुमचा शब्द शेवटचा. मग लोक सायकल घ्यायलाही तुम्हालाच नेऊ लागले, जसं काही सायकल म्हणजे कमी खाणारा बैल. त्या दिवशी तुम्ही दुकानदाराला म्हणाले, "चालवून दाखव." तो सीटवर बसायला गेला. "बसू नको. हातानं धरून चालव. मले चाल पाहू दे." गेला बिचारा सायकल धरून पानठेल्यापर्यंत आणि आला परत. तुम्ही मागून वाकून बघत होते. "मागच्या पायात फाकते," तुम्ही म्हणाले आणि दुसरी काढायला लावली. असं करत करत त्यानं सारं दुकान रस्त्यावर फिरवून आणलं.

भावाच्या वेळी तर तुम्ही कहरच केला. खांद्यावरचा दुपट्टा त्याच्या हातावर टाकला आणि आतून त्याची बोटं दाबायला लागले, बैलबाजारात दलाल भाव करतात तसं. त्याला काय माहीत? तो हात ओढतो, तुम्ही सोडत नाही.

"काकाजी, ये क्या कर रहे हो?"

"बोटं समज ना बे, बोटं."

"मेरा हाथ छोड़ो पहले."

आतून त्याची बायको बाहेर आली. मी घंट्यांच्या कपाटामागे लपलो. शेवटी त्यानं हात सोडवण्यासाठी घंटी फुकट लावून दिली आणि तुम्ही गावभर सांगितलं की सौदा कसा करावा ते माझ्याकडून शिका. आज मी दुकानात शिरलो तेव्हा तो गल्ल्यावरून उठून माझ्या मागे बघत होता, आणखी कोणी आलं काय म्हणून. मी सांगितलं, मोठेबाबा गेले. तो खुर्चीत बसला, मग म्हणाला, "अच्छे आदमी थे." आणि टेबलाखाली हात पुसला. सवयीनं असेल.

त्या सायकलीवरून मी कुठे कुठे गेलो ते सांगायला लागलो तर आजची सायकल राहून जाईल. चिचगडला मोहफुलाच्या दिवसांत मावशीकडे गेलो ते महिनाभर तिथेच, तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच. मग नागपूरच्या सायकल दुकानात पंक्चर काढायला, तिथून पुण्याला रेसच्या सायकली धुवायला, तिथून एका बँडवाल्यांच्या गाडीत रायपूर. कसा गेलो ते मलाही नीट आठवत नाही. पण सायकलीचं थोडंबहुत शिकलो, आणि ते तुम्हाला सांगायला गेलो की तुम्ही बैलाचं काढायचे.

मग पटावर बंदी आली. राजा आणि पाखऱ्या, तुमचे बैल, कोठ्यात नुसते खात उभे, आणि तुम्हीही अंगणात तसेच. सकाळी उठून बैल पळायची ती लांब पट्टी बघून यायचे. पट्टीवर गवत वाढलं म्हणून जेवायचे नाही. आम्हाला वाटलं, हा माणूस आता या दुःखातच जाते. आणि दिवाळीनंतर मंडईची जत्रा आली तेव्हा तुम्ही चौकात उभे राहून सांगितलं, "यंदा सायकलीचा पट."

गाव खूश झालं. पण पट म्हणजे जोडी, हे काही तुमच्या डोक्यातून जाईना. दोन सायकली शेजारी उभ्या करून हँडलवर आडवा बांबू टाकला, सुतळीनं कसून बांधला. झालं जू.

मी म्हटलं, "मोठेबाबा, पुण्यात एकेकटेच पळतात."

"एकटा बैल पळते काय बे?"

"बैल नाही, माणसं पळतात."

"मंग त्यांच्याकडे पट नाही, शाळेचे खेळ आहेत."

माझा जोडीदार व्हायला कोणी तयार नव्हता, म्हणून शालूला जुंपलं. ती डावीकडून, मी उजवीकडून. झेंडा पडला आणि पोट्टी अशी सुटली की जू तिरपं झालं. ती पुढे ओढते, मी मागे राहतो, आणि सारी जोडी माझ्या अंगावर वळत वळत पट्टी सोडून थेट भजेवाल्याच्या पालात. कढई वाचली. मी बेसनाच्या घमेल्यात कोपरापर्यंत. मंडईभर हसणं. भजेवाला म्हणाला, "पोट्ट्याले तळून देऊ काय?"

तुम्ही धावत आले. सगळ्यांना वाटलं आता शिव्या. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "याले नांगराले जुंपा." मग शालूकडे वळले. ती बांबू हातात धरून उभी, धापसुद्धा लागली नव्हती. तुम्ही तिच्याभोवती चक्कर मारली, बैलाभोवती मारायचे तशी, आणि हळूच म्हणाले, "जोडी सोडा."

मी तेव्हा बेसन निपटत होतो, पण तो आवाज मला आजही ऐकू येते. जोडी जमवण्यात जन्म गेला त्या माणसाचा. त्यानं भर मंडईत जोडी सोडा म्हणावं? त्या दिवसापासून शालू एकटी पळायला लागली.

तिची तयारी तुम्ही केली ती मी पुण्यात सांगितली तर लोक खुर्चीवरून पडले. जवसाचे लाडू. पहाटे तलावात पोहणं. धान रोवण्याच्या दिवसांत शेतातल्या बांधीच्या चिखलातून सायकल. इथपर्यंत ठीक होतं. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, ते तुम्ही शालूच्या सायकलीलाही चोळलं. खांदा सापडेना, म्हणून चाकाच्या रिमला. दोन्ही बाजूंनी, हात सैल सोडून. ब्रेकचं रबर त्याच रिमला धरते, हे तुम्हाला कोणी सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोडीच्या पाळीवरून पाण्याकडे उतरली. ब्रेक दाबला. सायकल आणखी वेगात आली. पाण्यात शिंगाडे काढणारे धीवरकाका डोंग्यातून बघत होते, शालू त्यांच्या वेलीत जाऊन बसली. ते म्हणाले, "बाई, शिंगाडे पाहिजे होते तर हाक मारायची."

तुम्ही पाळीवरून ओरडले, "ब्रेक काऊन नाही मारला?"

"मारला ना बाबा. तुपात मारला."

एक गोष्ट मात्र मी तुमच्याविषयी मनात धरून ठेवली आहे. गिअरचं तुम्ही कधी मानलंच नाही. मी सायकल उलटी करून, चेन या दातावरून त्या दातावर टाकून दाखवली. चढावर पुढचं दातेरी चाक छोटं, मागचं मोठं, पाय हलका फिरते. तुम्ही सारं बघितलं आणि म्हणाले, "पायात दम नसला की लोक असे उपाय करते." आणि खाटेवर झोपले. शालूनं गिअरवाली मागितली तेव्हा तुम्ही पुढच्या वर्षी म्हणाले. पुढच्या वर्षी तुम्ही कुठे आहे, मोठेबाबा?

बरं, आता सल्ला द्या. दुकानात दोन सायकली आहेत.

एक लाल-हिरवी. जाड टायर, पुढे स्प्रिंग, मध्ये स्प्रिंग, सगळीकडे पट्टे. पोळ्याला सजवलेला बैल. दुकानदार म्हणते कॅरेज, स्टँड, चेनकव्हर, सगळं लावून देतो. तुम्हाला पाहताच आवडली असती. पण चढावर पायडल मारलं की ती आधी स्वतः खाली बसते, मग पुढे जायचं की नाही ते बघते. शालूचा अर्धा दम त्या स्प्रिंगांतच जाईल. आणि उचलून बघितली, लोखंड आहे सारं. गोट्यांतून ती खांद्यावर घ्यायची वेळ आली तर कोण घेणार?

दुसरी राखाडी. वापरलेली, कॉलेजचा कोणी पोरगा विकून गेला. ॲल्युमिनियमची, एका हातात उचलते. स्प्रिंग फक्त पुढे, डिस्क ब्रेक, गिअर खटकन पडतात. जुनी सायकल घेताना बघायचं ते सगळं मी बघितलं. जोडांजवळ रंगाखाली चीर नाही. पायडलचा दांडा हलवला, खुळखुळत नाही. शालू दोन्ही पाय टेकवून उभी राहिली तर मधल्या दांड्यावर बोटभर जागा राहते, म्हणजे माप बरोबर. तुम्ही म्हणाल, दात बघितले काय? बघितले. गिअरचे दात झिजून टोकदार होतात, ती म्हातारी सायकल. हिचे बोथट आहेत. वय कमी आहे, मोठेबाबा.

फक्त कॅरेज नाही. स्टँड नाही. मडगार्ड नाही. आणि लावायलाही जागा नाही, स्क्रूचं भोकच नाही. गावच्या वेल्डिंगवाल्याकडे नेली तर तो ॲल्युमिनियमला लोखंड चिकटवायला जाईल आणि सायकलीची चाळण करून परत देईल.

थांबा, दुकानदार जेवून आला.

"भैया, बहनजी राखाडी गाड़ी लेके किधर गई?"

"चक्कर मारने."

"इतना बड़ा चक्कर? बालाघाट गई क्या?"

मलाही तेच वाटून राहिलं होतं. आता आली. घामानं भिजली आहे, ओढणी कमरेला बांधली आहे, आणि हसू दाबून राहिली. मी विचारलं, "कुठे गेली होती?"

"उड्डाणपुलावरून. तीनदा चढली." मग म्हणाली, "दादा, हेच घेऊ. त्या पोळ्याच्या बैलावर मी रविवारी बसत नाही."

"मोठीआईचं काय?"

"तू सांग."

"मी कायले?"

"बाबाच्या जागी तू आला ना."

मोठेबाबा, तुमची जागा एवढी गरम असते हे मला माहीत नव्हतं. मी पाणी पिऊन आलो. एक समोसा खाल्ला. दुसरा खाणार होतो, तेवढ्यात मोठीआईचाच फोन वाजला.

"घेतली काय रे?"

"पसंत केली."

"कॅरेज आहे ना?"

"नाही."

"मंग लावून घे."

"लागत नाही, मोठीआई. जागाच नाही तिले."

फोनमध्ये तिच्या मागे कोंबडी ओरडत होती. शालू माझ्यासमोर सायकलीचं हँडल धरून उभी.

"म्हणजे मांगं कोणी बसू शकत नाही?"

"कोणीच नाही."

"तिचा नवरा बसला तर?"

"पडन."

मला वाटलं, गेलं पुणं. मग ती बोलली, पण माझ्याशी नाही, दुसऱ्याच कोणाशी बोलावं तशी.

"जनमभर मी तुह्या मोठेबाबाच्या मांगं कॅरेजवर बसली. पटाले गेली, बाजाराले गेली, नवेगाव बांधाले गेली. कोणी विचारलं तलाव कसा आहे, तर मले काय सांगता येणार? मले त्यांची पाठच दिसली. बंडी दिसली, बंडीले पडलेलं भोक दिसलं."

मी हूं म्हटलं.

"आण मंग ते. बिनकॅरेजचीच आण."

"खरं?"

"हाव. स्टँड तरी आहे काय?"

"नाही."

"बाप्पा. मंग ठेवायची कशी?"

"भिंतीले टेकवू."

"टेकवजो. पण माह्या कुडाले नको, कालच सारवला."

फोन ठेवला आणि मी शालूला मान हलवून दाखवली. ती सायकल घेऊन दुकानाबाहेर गेली आणि पाठ फिरवून घंटी नसलेल्या हँडलवर उगाच हात फिरवत राहिली.

आता माझा शब्द घ्या. रविवारी शर्यतीत सगळ्यात वाईट चढाव असेल तिथे मी ट्यूब आणि पंप घेऊन उभा राहीन, आणि शेवटची पोरगी पार होईपर्यंत हलणार नाही, मग रस्त्यानं कोण्या बँडवाल्यांची गाडी कुठेही जाऊन राहिली असो. शालू तिघींत आली तर पुण्याच्या गाडीत तिला आणि सायकलीला मीच चढवीन. नाही आली तर तिरोड्याच्या लोकांना थांबवायचं आणि पुढच्या शर्यतीचं मोठीआईजवळ काढायचं, तेही मीच करीन. आज तिचा आवाज ऐकून वाटलं, फार बोलावं लागणार नाही.

दुकानदार बिल करू काय विचारून राहिला. उठतो.

तुमच्या बाकावर तात्पुरता बसलेला,
बबलू