काठी वाजली की

६ मार्च, शुक्रवार

लाज वाटली आज. सरळ लिहून टाकते. निदान वहीपुढे तरी नाटक नको.

वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर चहाला आली होती. हिवाळाभर बंद असलेल्या खिडक्या या आठवड्यात उघडल्यात, ऊन पार सोफ्यापर्यंत येतं. बाहेरच्या झाडाला पालवी फुटलीय. गप्पा रंगल्या होत्या. तेवढ्यात बाबांच्या खोलीतून काठीचा आवाज आला. ठक, ठक. आणि पिंजऱ्यातून कुणीतरी म्हणालं — च्च!

इतकं स्वच्छ की मला वाटलं माझ्याच तोंडून गेलं. हात तोंडावर गेलासुद्धा. पण नाही. हवालदार होता तो!

हवालदार म्हणजे बाबांचा पोपट. एका पायावर पहारा दिल्यासारखा उभा असतो म्हणून हवालदार. ऑक्टोबरात आई गेली. जानेवारीत बाबा आमच्याकडे राहायला आले ते एक बॅग, काठी आणि हा पिंजरा घेऊन. आल्यापासून पठ्ठ्यानं तोंडातून आवाज म्हणून काढला नव्हता. नवी जागा मानवायला वेळ लागतो म्हणे पक्ष्यांना. दोन महिने मौनव्रत! आणि मौन सोडलं ते हे.

डॉक्टरीण हसता हसता सोफ्यावर आडवी. "अगं, हा तर घरातल्या बाईसारखा वैतागतो!"

मी पण हसले. हसावंच लागलं. पण बाबा दारात होते तसेच उभे राहिले. डोळे भरले होते त्यांचे. मी बघितलं. चहाला बसले नाहीत, वळून खोलीत गेले.

त्यांना कळलं. पोपट काय, ऐकतो तेच बोलतो. आणि या घरात काठी वाजली की च्च कोण करतं? मी.

७ मार्च, शनिवार

आज स्वतःवर पाळत ठेवली. सकाळी सात ते साडेआठ या वेळात पाच च्च! त्यातले तीन काठीचा नुसता आवाज आला म्हणून. बाबांनी अजून काही केलंसुद्धा नव्हतं.

तसं ते करतात तरी काय? मी डबे भरत असले की येतात. "काही मदत करू का?" मग मिठाचा डबा साखरेच्या जागी जातो. चमचे पुसून लहान-मोठे लावून ठेवतात, तोपर्यंत मला जो चमचा हवा तो त्यांच्या हातात. लेकीचे बूट शोधून दिले एकदा, एक तिचा, एक माझा. एवढंच. एवढ्यासाठी मी त्यांच्यावर जीभ टाळ्याला लावून च्च करते, उनाड कुत्र्याला हाकलावं तशी. त्यांना कमी ऐकू येतं असं मी धरून चालले होते. पोपटाला येतं त्याचं काय!

९ मार्च, सोमवार

शाळेत एक आई म्हणाली, "बाई, तुमच्यासारखा धीर आमच्यात नाही हो."

बोलायला उशीर झालेल्या मुलांना मी बोलायला शिकवते. बावीस वर्षं. तिचा मुलगा 'पाणी'ला 'आयी' म्हणतो. आज सकाळी तो चाळीस वेळा 'आयी' म्हणाला आणि मी चाळीस वेळा हसून 'पाणी' म्हटलं. एकदाही च्च केलं नाही. परक्याच्या पोरापुढे माझ्या तोंडात नुसता मध.

घरी येताना ती बाई पुन्हा भेटली, तिनं हात हातात घेतले. मला पळून जावंसं वाटलं.

११ मार्च, बुधवार

हे नवीनच. बाबा आता पिंजऱ्याजवळची खुर्ची पकडून बसतात. काठी जागच्या जागी आपटतात. ठक. हवालदार — च्च! थोडं थांबून परत. ठक. च्च! मी पोळपाटाशी, ते बाहेर. अर्धा तास हेच.

मला ऐकवतायत. दुसरं काय?

१४ मार्च, शनिवार

भांडले. अक्षरशः भांडले मी आज म्हाताऱ्या माणसाशी.

झालं असं. गुरुवारी त्यांच्या काठीला खालून रबरी बूच आणून बसवलं. "घसरायला नको" म्हटलं. खरं कारण वेगळं. आवाजच नाही तर च्च कुठून येणार! दोन दिवस घर शांत. मी खूश. आज झाडांना पाणी घालताना बघते तर बूच कुंडीत. मातीत खुपसलेलं!

"बाबा, हे काढलंत कशाला?"

"घसरतं ते."

रबर घसरतं! मला हसू यायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं. "मुद्दाम करताय ना तुम्ही? मला कळत नाही असं वाटतं का?"

"काय मुद्दाम?" एवढंच विचारलं त्यांनी. गोंधळून.

बोलायचं तर मग सगळंच बोलावं लागलं असतं. बूच त्यांच्या टेबलावर आपटून मी शाळेचे कागद तपासत बसले. नवऱ्यानं मधे तोंड घातलं, "त्यांची काठी, त्यांचं बूच, तुझं काय जातं?" त्याच्यावरही ओरडले. संध्याकाळी लेक माझ्याशी फार जपून बोलत होती. तेही टोचलं.

१५ मार्च, रविवार

ठरलं. जे शिकलंय ते विसरायला लावता येतं. माझं कामच ते.

मुलाच्या तोंडी चुकीचा आवाज बसला असेल तर रागवायचं नाही, तो आवाज त्याच्यापुढे परत काढायचा नाही. त्याच खुणेला दुसरा आवाज जोडायचा. लगेच खाऊ द्यायचा. रोज, न चुकता. पोपट काही माझ्या पोरांपेक्षा हुशार नाही!

काठी वाजली रे वाजली की मी म्हणणार, "या बाबा, बसा!" गोड, लांबवून. हवालदारानं म्हटलं की सूर्यफुलाची बी. च्च केलं की पाठ फिरवायची. आणि मी स्वतः — च्च बंद. जीभ चावली तरी चालेल.

१८ मार्च, बुधवार

चार दिवसांत पक्ष्यावर ढिम्म परिणाम नाही. परिणाम बाबांवर.

काठी वाजते, मी असेन तिथून म्हणते, "या बाबा, बसा!" पहिल्या दिवशी त्यांनी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. काल येऊन खरोखर बसले. आज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले! मटार सोलून दिले. बस चालवायचे त्या दिवसांतली गोष्ट सांगितली, एका प्रवाशाची बदकं गाडीत सुटली होती ती. मी हसले. खरंच हसले. वर्षानुवर्षं आम्ही असे बसलो नव्हतो.

जाताना म्हणाले, "बरं वाटतं गं, बस म्हणतेस ते."

आणि माझ्या मुठीत पोपटासाठी घेतलेल्या बिया. तोंड लपवायला जागा नाही मला. बापाला बस म्हणायचं, तेही पोपटाला ऐकू जावं म्हणून!

२१ मार्च, शनिवार

लेक म्हणाली, "आई, तू आजोबांशी शाळेतल्या आवाजात का बोलतेस?"

बारा वर्षांची आहे. "अभ्यास कर" म्हटलं.

२४ मार्च, मंगळवार

हवालदार आज म्हणाला, "या च्च बा!"

लेक जमिनीवर लोळून हसली. नवरा ऑफिसला निघालेला, तोही परत आत आला ऐकायला. डॉक्टरणीला वरून बोलावून आणलं. मी बी दिली. अर्धी. निम्मं काम झालंय म्हणून.

बाबा हसले नाहीत. पिंजऱ्यापाशी वाकून बघत राहिले, आजारी माणसाला बघावं तसे. "याला काय होतंय?" म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, नवीन शिकतोय. "कशाला?" म्हणाले. मी ऐकू न आल्यासारखं केलं. हेही एक शिकलेय मी!

२९ मार्च, रविवार

जमलं!!

सकाळी नऊ वाजता. ठक, ठक. आणि हवालदार, मान तिरकी करून, माझ्या आवाजात, माझ्याच लाडिक सुरात — "या बाबा, बसा!" एकदा नाही, चारदा. च्च नावालाही नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. लेकीनं मोबाइलवर घेतलं. मी मूठभर बिया ओतल्या पिंजऱ्यात.

बाबांनी काठी पुन्हा आपटली. "या बाबा, बसा!" पुन्हा आपटली. "या बाबा, बसा!" मग म्हणाले, "छान. हुशार आहे." आणि बसले नाहीत. खोलीत गेले.

पण मी काय हलकी झालेय! पुरावा गेला. आता या घरात तो आवाज नाही. मी करत नाही, पोपट करत नाही. झालं गेलं ते पुसलं.

३१ मार्च, मंगळवार

बाबा दोन दिवस बाहेरच्या खोलीत आले नाहीत. जेवायला तेवढे येतात. "या बाबा, बसा" म्हटलं की मान हलवतात.

इस्त्रीचा शर्ट खुंटीवर आहे.

२ एप्रिल, गुरुवार

जेवताना म्हणाले, "हवालदाराला घेऊन जुन्या घरी जातो म्हणतो. थोडे दिवस."

थोडे दिवस! तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघा असा. घर जानेवारीपासून बंद. कोण बघणार त्यांना तिथं?

"इथं काय कमी पडतंय?" मी विचारलं. आवाज चढलाच.

"कमी काही नाही. तू फार करतेस." ताटाकडे बघत बोलले. "तिथं राहिला तर त्याला आठवेल, असं वाटतं."

"काय आठवेल?"

ते पाणी प्यायले. "राहू दे," म्हणाले.

नवरा म्हणतो, जाऊ दे, चार दिवसांत कंटाळून परत येतील. त्याला काय माहीत! त्याला मी सांगितलंच कुठंय? बाबा का चाललेत ते मला माहीत आहे. एका आवाजानं मन मोडलं त्यांचं, आणि वरून माझी ही गोड नक्कल रोज ऐकावी लागते. पोपटाच्या तोंडून! माझ्या तोंडूनसुद्धा नाही. पुसलं म्हणे मी. डोंबल पुसलं.

४ एप्रिल, शनिवार

बॅग भरायला घेतलीय त्यांनी. तीन शर्ट, औषधांचा डबा, बियांची पिशवी. मी दारात उभी राहिले आणि घड्या नीट घालून दिल्या. घड्या! तेवढं जमतं मला.

शेवटी नवऱ्याला सगळं सांगितलं. च्च, बूच, बिया, सगळं. मला वाटलं हसेल. हसला नाही. "मग त्यांना सांग ना. मला सांगून काय?" म्हणाला.

त्याचं म्हणणं खरं आहे. इतके दिवस मी पोपटाला सुधारत बसले. ज्यांची माफी मागायची ते पाच पावलांवर बसलेले. भीती वाटते. बाबा "असू दे" म्हणतील आणि मला आयुष्यभर ते असू दे ऐकू येत राहील. तरी उद्या सांगणार. सकाळीच. चहाच्या आधी, नाहीतर चहा होतो आणि सांगणं राहतं.

५ एप्रिल, रविवार

सांगितलं. म्हटलं, तो च्च माझा होता बाबा. तुमच्यावर वैतागायचे मी, तेच त्यानं उचललं. लाज वाटली म्हणून मीच तो मोडून काढला.

बाबा बघतच राहिले. "तुझा?" म्हणाले. "तुझा कुठला? तुझ्या आईचा तो. मी काठी घेऊन उठलो की ओट्यापाशी उभी राहून करायची. निघाले परत कुठंतरी, म्हणून. पाच वर्षं. इथं आल्यावर दोन महिने गप्प होता, मला वाटलं विसरला. मग त्या दिवशी केलं त्यानं. मला वाटलं, तू ओळखलं असशील."

मी बसले. त्यांच्या बॅगेशेजारी, पलंगावर. काय करून बसले मी! नकळत तोंडून गेलं — च्च.

बाबांनी चटकन मान वर केली. मग काठी उचलली, फरशीवर आपटली, ठक. आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबले.