मोसंबी आण म्हणालो

आटपाडी, शनिवार, २ मार्च १९९६, संध्याकाळ

आप्पा सकाळी गेले. वडील गेल्यावर आधी काय करावं लागतं, तर स्टँडवरच्या एसटीडी बूथवर रांगेत उभं राहावं लागतं.

तात्या म्हणाले, "तूच लाव रं फोन, तुला जमतंय. सुमीला गेले म्हणू नको. जास्त हाय, निघून ये, एवढंच सांग." चुलत्यांचंही खरंच. बहीण कराडहून एसटीनं एकटी येणार. आमच्याकडं फोनवर असंच सांगतात, ऐकणारा काय ते समजतो.

सुमी समजली नाही. असला फोन तिला पहिलाच, कळणार कसं? हॉस्टेलच्या फोनवर धापा टाकत म्हणाली, "दादा, दवाखान्यात न्यायला मोसंबी आणू का?" मीटरचे लाल आकडे पळत होते, मागं माणसं उभी होती. मी "आण" म्हणालो. नको म्हटलं असतं तर तिला तिथंच कळलं असतं. की तेच बरं होतं?

दुपारी ती पिशवी घेऊनच आली. दारात बसलेली माणसं बघून जागीच थांबली. पिशवी हातातून सोडेना. शेवटी आईनं काढून घेतली आणि खुंटीला अडकवली.

स्मशानातून परतताना तात्या म्हणाले, "आता घरात मोठा तूच. फोनवर नीट बोललास."

सुमी मघापासून त्या खुंटीखाली बसली आहे. माझ्याशी एकदाच बोलली.

"फळवाल्याकडं एक सोलून चाखली मी. आप्पांना आंबट चालत न्हाई म्हणून."