माणूस दीड मिलिमीटर

५ जानेवारी १९९७, रविवार. सकाळी ७.४०
सोनई. वारा मंद. रिमोटचं विमान प्रथमच अख्खं उतरलं. पोटात रोलचा कॅमेरा. रंग नारिंगी, लांबून दिसावा म्हणून. उरलेला रंग चुलतबहीण दीपाच्या सायकलला दिला, गंज थांबेल. पंखांचं कापड तिनेच शिवलं.
आठवडाभर सुप्याच्या कंपनीत मी सर्किटं तपासते. इथे मला तपासणारं कोणी नाही, म्हणून स्वतःच नियम केले:
१. उंची शंभर मीटर.
२. कोणाच्या अंगणावरून नाही.
३. कोणाची ओळख पटेल असा फोटो नाही.
दीपा म्हणाली, "ताई, पाटाकडं नको नेऊ गं." विमान पाण्यात पडेल ही काळजी. रेंज पुरेशी आहे, असं समजावलं.

१२ जानेवारी
वारा बरा. पाटावरून बारा फोटो. एकही नियम मोडला नाही.

१९ जानेवारी
नगरहून पाटावरच्या एका फोटोची मोठी प्रिंट आणली. ऊस कुठे पिवळा पडलाय ते स्पष्ट. माणूस दीड मिलिमीटर. चेहरा नाहीच. नियम ३ सिद्ध.
नियमावली ग्रामपंचायतीत दिली, नमुना म्हणून तोच फोटो जोडला. परवानगी मागून उडवणारी जिल्ह्यात मी पहिलीच असेन. ग्रामसेवकांनी दोन्ही फळ्यावर लावलं.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर सगळा गाव फळ्यापुढे. आक्काबाई ओरडल्या, "अगं बया, ही माझी लंगडी म्हस! कशी तिरकी हुबी ऱ्हाती, बगा!" हशा. मग प्रत्येकजण आपापलं शोधू लागला.
कोणीतरी म्हणालं, "आन् पाटावर ही नारिंगी सायकल? शेजारी नितीन मास्तरची एमएटी गाडी न्हाई का?"
दीपाचे वडील, रंगनाथकाका, वाकून बघत होते. सरळ झाले आणि घरी गेले.
घरी येऊन मोजलं. सायकल पाच मिलिमीटर. सायकलीबद्दल नियम नव्हता.

२ फेब्रुवारी
दीपाचं डी.एड. बंद. अकोले तालुक्यात, डोंगरात, मामाकडे धाडलं. स्थळं बघताहेत.
चूक फोटोची नाही, बघणाऱ्यांची आहे. काकूला हे सांगायला गेले. ती म्हणाली, "तुज्या इमानाला वरनं समदं दिसलं. घरात पोरीचं तोंड तेवढं न्हाई दिसलं."
काकूला तांत्रिक बाजू कळत नाही.
नियम ४ लिहिला: रंगावरून ओळखू येईल अशी वस्तू टाळावी. दीपाला सविस्तर पत्र धाडलं, आकृतीसह. ती समजून घेईल.

१६ फेब्रुवारी
उत्तर नाही. डोंगराकडे टपाल उशिरा पोचतं.

२३ फेब्रुवारी
एसटीने अकोल्याला गेले. विमान नेलं नव्हतं. काय बोलायचं ते पाठ केलं होतं.
दीपा अंगणात तांदूळ निवडत होती. मला पाहून तिने आधी वर आभाळाकडे पाहिलं. मग ओढणी डोक्यावरून ओढून घेतली, सूप उचललं आणि आत गेली.
मी अंगणातच उभी राहिले.
वारा होता. मोजला नाही.