ओढ्यामागची बिळं

लॅक्लन नदीकाठ,
मार्च १९५६

प्रिय क्लेम,

तुझं पत्र पोहोचलं. टपालवाला मर्व्ह म्हणाला, "ऑलिव्ह, नातू सरकारी कागदावर लिहितो, आता तुला मॅडम म्हणायचं का?" म्हटलं, मी सशांची कातडी सोलणारी बाई, मॅडम तुझ्या बायकोला म्हण.

सहा वर्षांपूर्वी सरकारने सशांत रोग सोडला, तेव्हा ससा दहा दिवसांत खलास व्हायचा. शंभरात एखादा उरायचा. गवत वाचलं म्हणून जमीनवाले नाचले, आपण सापळेवाले उपाशी. पुढे मला वेगळंच दिसू लागलं. डोळे सुजलेले ससे तीन-तीन आठवडे तग धरत, आणि तेवढे दिवस डास त्यांना चावून पुढच्या सशाकडे जात. झटपट मारणारा रोग सशाबरोबरच मातीत जातो, रेंगाळणारा रानभर फिरतो. म्हणून रेंगाळणाराच उरला, आणि त्यातून काही ससे बरेही होऊ लागले. हे मी गेल्या वर्षी फक्त तुला सांगितलं, याच टेबलाशी, ओढ्यामागच्या बिळांसकट. तू विचारलंस, "आजी, हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "सशांनी. तुझ्या शाळेत ते नव्हते." तू पोटभर हसलास आणि न सांगता भांडी घासलीस. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

महिन्याभरात तू ससे मारणाऱ्या खात्यात चिकटलास. नोव्हेंबरात, उन्हाळ्याच्या तोंडावर, त्यांची गाडी आली, पिंजऱ्यात पहिल्यासारख्या जहाल रोगाचे ससे. कुठे न चुकता थेट ओढ्यामागच्या बिळांपाशी थांबली, जिथे बरे झालेले ससे पिल्लं घालत होते. ती जागा दोनच माणसांना ठाऊक होती, आणि त्यातली मी गप्प होते. पंधरा दिवस मेलेले ससे पुरले. विकायला कातडी उरली नाहीत, म्हणून सबंध उन्हाळा लोकांच्या चादरी धुतल्या. तू एकदा फिरकला नाहीस.

आणि आता लिहितोस, "आजी, तू तिथेच आहेस तर जरा बघून कळव, जहाल रोग टिकला का, किती ससे वाचले." मी रोज सकाळी जाते, क्लेम. कोणता रोग उरला, ससे कितव्या दिवशी मरतात, कोणती मादी बरी होऊन व्यायली, सगळं ठाऊक आहे. हे पत्र एवढ्याचसाठी, की या वेळी ते तुला सांगणार नाही. भेटायला ये, दार काही लावलेलं नाही. खात्याची वही मात्र फाटकाबाहेर ठेवून ये.

तुझीच, या वयात दुसऱ्या कुणाची होणार,
आजी ऑलिव्ह