चुलतीच्या गोठ्याची कडी

आई, माझा तुझ्यावर कधी पुरता विश्वास बसला नाही. तुला ते बहुतेक कळत होतं. तू कुणाशी गोड बोललीस की मी तुझ्या तोंडाकडे बघत बसायचे, यातलं आतून आलेलं किती आणि चर्चच्या मंडळीला दाखवायचं किती.

शेळीचंच घे. आपण लग्नाला घोडेगावला गेलो होतो, म्हणून शेळी चुलतीच्या गोठ्यात बांधली होती. बिबट्यानं ती तिथनं नेली. चुलतीनं कडीच लावली नव्हती, असं तू ओढ्यावर धुणं धुताना चारचौघींत बोललीस. मग प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी जाऊन माफीही मागून आलीस. मला वाटलं, मिटलं. पण रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं आणि तू तुकडा न घेता ते तसंच पुढे सरकवलंस. मनात पाप असलं की ती भाकर घ्यायची नसते, तेव्हा बाईनं काहीतरी मोठंच पाप केलं असणार, अशी कुजबुज सुरू झाली. मी शरमेनं अर्धी झाले. वाटेत भांडले तेव्हा तू म्हणालीस, "माफी मागून आली ती जीभ. मन आजून त्या कडीपाशीच हाय. येशूला काय दिसत न्हाई व्हय?"

पुढे तू त्या शेळीचं मागं राहिलेलं करडू चुलतीला देऊन टाकलंस. तिलाही संशय आलाच. हिला विहिरीच्या पाण्याची पाळी हवी असणार, असं ती सगळीकडे सांगत सुटली. रोज दिवस मावळायच्या आत करडू आपल्या दारात आणून सोडायची. म्हणायची, "तुजं तुज्यापाशी. पुन्यांदा माज्या नावानं बोंब नको." सकाळी तू ते परत तिच्याकडे नेऊन बांधायचीस. लोक हसायचे. मला ते सगळं नाटक वाटायचं आणि तुझा राग यायचा.

एका संध्याकाळी करडू आलंच नाही, चुलतीनं ते ठेवून घेतलं. तू चुलीपुढे बसली आहेस. मळ्यात कुत्री भुंकली की भाकरी थापणारा तुझा हात थांबतो. मी म्हणते, जाऊन कडी तरी बघून ये. तू मान हलवतेस. "बघाया गेले तर समदं पयल्यापासनं." पुढच्या प्रभुभोजनाला तू भाकर घेतलीस, आणि मंडळीत परत कुजबुज झाली. मी मात्र कित्येक वर्षं धरून चालले होते की त्या रात्री माझा डोळा लागल्यावर तू गुपचूप जाऊन कडी बघून आली असशील. तुझ्या जागी मी असते तर गेले असते.

आता बाबा भावाकडे मळ्यात असतात, मी इथे वारूळवाडीत. भावजय त्यांचं सगळं करते. तुझ्या शेवटच्या दुखण्यात तिनं तुला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही, हे माझ्या मनात होतं. त्याची मी तिला क्षमा केली. प्रार्थनासभेत उभं राहून, रडून केली, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. तरी रोज संध्याकाळी मी बाबांना भेटायला म्हणून जाते आणि त्यांच्या गोळ्यांचं पाकीट बघते, चादर हुंगते. काल मी उंबऱ्यात पाय ठेवला तशी भावजयीनं पाण्याचा तांब्या दिला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ताई, आदी गोळ्या मोजून घ्या, मंग च्या टाकते." मी हसले. बरोबर बोलली ती, आणि तरीही मी गोळ्या मोजल्या.

उद्या प्रभुभोजन आहे. भाकरीचं ताट मी आजवर एकदाही पुढे सरकवलेलं नाही. आज मळ्यात जायचं नाही असं सकाळीच ठरवलं, हात गुंतलेले राहावेत म्हणून हे लिहायला घेतलं. तुला हे कुठे पाठवणार? आता ऊन उतरलं आहे, भावजय बाबांना गोळी देत असेल. देत असेलच. आई, खरं सांगते, मी मघापासून पायात चपला घालून बसले आहे.