मायना नको

आई,

मायना लिहिलेला नाही. तीर्थरूप नाही, साष्टांग नाही, काही नाही. तुला तो कधी लागला नाही. "जयभीम लिही आणि मुद्द्याचं बोल," म्हणायचीस. तर जयभीम. आणि मुद्दा असा की हल्ली लोक माझ्याकडून पत्रं लिहून घेतात. सातवीत शाळा सुटलेली बाई मी, आणि माझ्या दाराशी बीकॉम झालेली माणसं उभी असतात. हसू नकोस. लिहिते मी नाही, फोन लिहितो. आता फोनमध्ये एक लिहिणारा असतो. त्याला सांगायचं काय पाहिजे ते, तो लिहून देतो. मराठीत बोललं की मराठीत. दमत नाही, चहा मागत नाही. पण त्याला एक खोड आहे. जरा मोकळं सोडलं की आपण न सांगितलेल्या दहा गोष्टी आत घालतो, आणि आपली एक गोष्ट त्याखाली दडपून टाकतो. अशी खोड आणखी कोणाला होती, ते तुला लगेच कळेल.

मी जेसल पार्कला राहते आता, दुसऱ्या मजल्यावर. तू बघितलं नाहीस हे घर. सोसायटीच्या कमिटीत मला घेतलंय, कारण मी ओरडते. तर गेल्या वर्षी टाकी धुवायची होती आणि नोटीस लावायचं काम माझ्या गळ्यात आलं. तिसऱ्या मजल्यावर एक गुजराती सून आहे, डबे बनवून देते, हुशार पोरगी. ती म्हणाली, मासी, फोनला सांगा, मस्त लिहून देईल. तिच्याकडे कोणीतरी पाठवलेला एक लांबलचक हुकूम होता, मंत्रासारखा. तू तीस वर्षांचा अनुभवी सेक्रेटरी आहेस, भाषा नम्र पण प्रभावी ठेव, वाचणाऱ्याच्या मनाला भिडेल असं लिही, अजून काय काय. मला तेव्हाच चिडचिड झाली होती, पण म्हटलं शिकलेल्यांचं काहीतरी असेल. तो सगळा घातला आणि शेवटी टाकीचं सांगितलं. फोनने पानभर लिहिलं. सन्माननीय रहिवासी बंधू-भगिनींनो, पाणी हे जीवन आहे, स्वच्छता ही आपली सर्वांची जबाबदारी आहे. मी लिफ्टपाशी चिकटवलं, मला अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमनकाका टॉवेल गुंडाळून, डोक्यात साबणाचा फेस घेऊन माझ्या दारात. नोटीस तरी लावायची होती, म्हणाले. मी म्हटलं लावली होती की. ते म्हणाले, ती होय, मला वाटलं पाणी वाचवा वगैरेचं काहीतरी आहे. पाणी बंद राहणार ही गोष्ट खालून दुसऱ्या ओळीत होती आई. अख्ख्या बिल्डिंगमध्ये एका माणसाने बादली भरून ठेवली नव्हती. मी पण नाही.

मग पुढच्या वेळी मी त्या सुनेला बोलावलं. ती म्हणाली, मासी, अजून डिटेल टाका, थोडी स्टाइल टाका. मी म्हटलं, तू गप बस. आणि फोनला सांगितलं, नोटीस लिही, वाचणारे घाईत आहेत, लिफ्टची वाट बघतायत, उद्या सकाळी दहा ते पाच पाणी नाही, आज भरून ठेवा, तीन ओळींत लिही, नमस्कार नको, उपदेश नको. आल्या तीन ओळी. सून म्हणाली, "बस? इतनाही?" मी म्हटलं, "इतनाही." त्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक मजल्यावर बादल्या भरल्याचा आवाज येत होता.

तिथून लोक यायला लागले. कोणाला शाळेत अर्ज द्यायचाय, कोणाला कचऱ्याची तक्रार करायचीय. आमचा वॉचमन गावी जायला रजा मागत होता, तर त्याने मला बहिणीचं लग्न, मेव्हण्याचा स्वभाव, म्हशीची प्रसूती, सगळं सांगितलं. मी म्हटलं, भैया, पहले ये बताओ, चिठ्ठी किसको देनी है. वाचून त्याने काय केलं पाहिजे. कधीपर्यंत. आणि काय लिहायचं नाही. हे शेवटचं कोणाच्या डोक्यात येत नाही. वॉचमनने बराच विचार केला आणि म्हणाला, ये मत लिखना कि मैं दूसरी नौकरी देख रहा हूँ. बघ. हे विचारलं नसतं तर फोनने तेपण गोड करून लिहिलं असतं. एवढं ठरलं की फोनला तेवढंच सांगायचं, जसं माणसाला सांगतो तसं. आलं की मोठ्याने वाचायचं. जे आपण बोललो नाही ते काढ म्हणायचं. बास. यात काही विद्या नाही. सुनेने विचारलं, मासी, तुम्ही कुठे क्लास लावला होता का. मी म्हटलं, आईकडे. तिला वाटलं तू टीचर होतीस. मी म्हटलं, अंगठा उठवायची. 

खाडीकडच्या चाळीतली ती खोली. तू स्टोव्हपुढे, मी दारातल्या उजेडात गोणपाटावर, मांडीवर पाटी, पाटीवर निळं इनलँड पत्र. बाबा नागपूरकडे रस्त्याच्या कामावर, कॅम्पात. एका रविवाराआड आपण त्यांना लिहायचो. तू लगेच सांगायला सुरुवात करत नसायचीस. एक अख्खी भाकरी थापून, भाजून होईपर्यंत गप्प. मला वाटायचं विसरलीस. मग एकदम म्हणतेस, त्यांना काय ठाऊक आहे ते लिहू नको. मग काय पाहिजे ते सांगतेस, चार वाक्यं. मग म्हणतेस, वाच. आणि मी वाचते, आणि मी एक शब्द जरी माझ्या पदरचा घातला असला तरी तुझा हात पिठात थांबतो. "हे मी कधी म्हणाले? तुझं शहाणपण तुझ्या वहीत लिही." एकदा मी लिहिलं होतं, तुमच्या आठवणीने जीव व्याकुळ होतो. तू विचारलंस व्याकुळ म्हणजे काय. मी म्हटलं, करमत नाही. "मग करमत नाही लिही. व्याकुळ वाचून माणूस घाबरेल तिकडे." आणि हसलीस. तुझं हसू मला नीट आठवत नाही आता, पीठ लागलेला हात तोंडापुढे धरायचीस तेवढं आठवतं. हात आठवतो. पाच बोटांचा होता तेव्हा.

आता खरं ते सांगते. मला डॉक्टरांनी पोटाचं ऑपरेशन सांगितलंय. पुढच्या मंगळवारी. तुझा जावई नाही आता. पोरगा बंगळूरला, नवीन नोकरी. तू त्याला पाच वर्षांचा बघितलास, आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस आहेत. त्याला कळवायचं होतं. इतक्या लोकांची पत्रं केली, मला वाटलं दोन मिनिटांचं काम. फोनला सांगितलं, मुलाला मेसेज लिही, ऑपरेशन आहे, पण त्याला टेन्शन यायला नको, नोकरी नवीन आहे, जमलं तर ये, नाही जमलं तरी चालेल, शेजारी आहेत, त्याच्या बायकोची तब्येत विचार, पोरांना आशीर्वाद दे. फोनने लिहिलं. मी मोठ्याने वाचायला लागले, सवयीप्रमाणे. पहिलीच ओळ, प्रिय बाळा, मी इथे अगदी खुशाल आहे, माझी काळजी करू नकोस. मला पुढे वाचवेना. फोन टेबलावर उलटा ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. फोनची चूक नव्हती. मीच तसं सांगितलं होतं. मी काय मागतेय तेच मी ठरवलं नव्हतं.

खुशाल. आई, तुला ते पत्र आठवतं का. तू स्टीलच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होतीस आणि उजव्या हाताचं मधलं बोट आत सापडलं. चिरडलं. जवळच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले, लगेच जा, बोट वाचेल. तू गेली नाहीस. एवढ्या मोठ्या दवाखान्यात एकटी कधी गेली नव्हतीस, आणि धाकटा तीन वर्षांचा. ते येऊ देत मग जाऊ, म्हणालीस. मी शाळेतून आले तर तू भिंतीला टेकून बसलेली, हात छातीशी. म्हणालीस, इनलँड काढ. त्या दिवशी भाकरी नव्हती, तरी तू तेवढाच वेळ गप्प बसलीस. मग सांगितलंस, "जयभीम. उजव्या हाताचं बोट मशीनमध्ये गेलं. मी एकटी दवाखान्यात जाणार नाही. हे मिळेल त्या दिवशी निघा." एवढंच. यापेक्षा कमी शब्दांत कोणी मागू शकत नाही.

पण त्याच आठवड्यात शाळेत पत्रलेखन शिकवलं होतं. मायना नाही म्हणून बाईंनी माझे दोन मार्क कापले होते आणि वर्गात माझी वही उंच धरून दाखवली होती, हे बघा, हिला बापाला नमस्कार करायचा कंटाळा. मला लाज वाटली होती. म्हणून मी वर लिहिलं, सुंदर अक्षरात, तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार, आम्ही सर्व येथे खुशाल आहोत, आपली खुशाली कळवावी. आणि खाली तुझं.

बाबांना वाचता येत नव्हतं. मुकादम वाचून दाखवायचा. पुढचं बाबांनीच मला एकदा सांगितलं, तू घरात नसताना. त्याने उभ्या उभ्या पत्र उघडलं, वरच्या दोन ओळी वाचल्या, म्हणाला घरी सगळे खुशाल आहेत रे, आणि घडी घालून परत दिलं. कोणीतरी हाक मारली म्हणून निघून गेला. बाबांनी ते खिशात ठेवलं. आणि इथे तू रोज दारात बसायचीस, खाडीवरून येणाऱ्या रस्त्याकडे बघत. आठव्या दिवशी ताप चढला, शेजारच्या मावशीने तुला उचलून नेलं, आणि बोट कापावं लागलं. बाबा आले ते त्यानंतर चार दिवसांनी, त्यांच्या ठरलेल्या सुट्टीवर. हसत आले. खांद्यावर संत्र्यांची पिशवी. दारातूनच धाकट्याला हाक मारली. मग तुझा हात बघितला.

तू ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "पत्र पाठवलं होतं." बाबा म्हणाले, पत्रात तर सगळे खुशाल म्हणून होतं. तू म्हणालीस, मी शब्द न् शब्द वाचून घेतला होता, खोटं बोलू नका. बाबांनी खिशातून ते इनलँड काढलं, चुरगळलेलं. हातात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. त्यांनी पत्र परत खिशात घातलं आणि तुला म्हणाले, "चुकलं माझं." ते संत्र्यांची पिशवी शेजारी देऊन आले. त्या दिवसापासून तू त्यांना वाढायचीस, पण त्यांच्याशी आधीसारखं बोलली नाहीस. बोलावलं तरी आला नाही तो माणूस, हे तू मला शेवटपर्यंत सांगत होतीस. ते आधी गेले, तुला काही न सांगता. मग तू गेलीस.

आता मंगळवारचं. मी फोन सुलटा केला आणि ते सगळं पुसलं. मग गप्प बसले, एक भाकरी होईल तेवढा वेळ. कोणाला, काय करायला पाहिजे, कधीपर्यंत. आणि काय नको, तर खुशाल नको. तेवढं ठरल्यावर फोनला सांगायला काही उरलंच नाही. माझ्याच बोटांनी लिहिलं, मंगळवारी पोटाचं ऑपरेशन आहे, सोमवारपर्यंत ये, मला भीती वाटते. मोठ्याने वाचलं. आणि पाठवलं. पाच मिनिटांत पोराचा फोन. म्हणाला, आई, तू कधी ये म्हणत नाहीस गं. रविवारी येतोय तो.

हे तुझं पत्र मात्र वहीतच राहील. हे फोनला सांगितलेलं नाही, पाठवायला पत्ताही नाही. एक राहिलंय. बोट गेलं त्या दिवशीही तू म्हणाली होतीस, वाच. रडत रडत, हात छातीशी धरून, तरी म्हणालीस. आणि मी वाचलं. पण वरच्या दोन ओळी सोडून, जयभीमपासून. तू रागावशील म्हणून. तू ऐकलंस, मान हलवलीस, आणि म्हणालीस, बरोबर आहे, चिकटव.